ग्रबमधलं टीपीएम अनलॉक: उघडतं हे दिसलं, नाकारतं का हे कसं तपासायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: लिनक्स मशीनवर बूट विभागासकट सगळी डिस्क लक्स-२ नं (लिनक्समधली डिस्क एन्क्रिप्शनची पद्धत) एन्क्रिप्ट केली आहे. चावी टीपीएम या सुरक्षा चिपकडून सील करून, म्हणजे ठरलेल्या अटीवरच उघडेल अशी बांधून घेतली आहे आणि ग्रब २.१४ हा बूटलोडर बूट होताना ती सोडवून डिस्क आपोआप उघडतो. एकदा रीबूट केलं, पासफ्रेज न मागता मशीन सुरू झालं. आता हेच बऱ्याच मशीनवर लावायचं आहे, तर त्याआधी काय तपासावं आणि त्यासाठी खरी मशीन लागतात का?

पासफ्रेज न मागता मशीन सुरू झालं, यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. चावीवर कुठलीच अट नसती, तरी ते असंच सुरू झालं असतं. टीपीएम अनलॉकचा सगळा अर्थ त्या अटीत आहे, त्यामुळे चाचण्यांतला मोठा वाटा नकाराचा असायला हवा: बूटलोडर बदलला, टीपीएम साफ झाला, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली, की डिस्क उघडता कामा नये. आणि ती योग्य कारणानं उघडायची थांबली पाहिजे. यातलं बहुतेक काम खऱ्या मशीनशिवाय होतं.

आधी साखळी डोळ्यांसमोर ठेवू. सील करताना ग्रब-प्रोटेक्ट ही कमांड चावीची फाइल टीपीएमला देते. टीपीएम आपल्या स्टोरेज रूट कीच्या (एसआरके) खाली सीलबंद ऑब्जेक्ट बनवून परत देतो आणि ते ईएफआय विभागात (फर्मवेअर जिथून बूटलोडर उचलतं तो, एन्क्रिप्ट न केलेला विभाग) फाइल म्हणून ठेवलं जातं. म्हणजे चावी टीपीएमच्या पोटात नसते. ती फाइलमध्ये असते, पण त्या एकाच टीपीएमला उघडता येते. बूट होताना ग्रब एसआरके पुन्हा तयार करतो, ऑब्जेक्ट लोड करतो, पॉलिसी सेशन सुरू करतो, पीसीआरची (बूटमध्ये काय काय चाललं याची मोजमापं साठवणारी टीपीएममधली रजिस्टरं) अट मांडतो, अनसील करतो आणि शेवटी सगळं फ्लश करतो, म्हणजे टीपीएममधून काढून टाकतो. हाती आलेले बाइट हा लक्सच्या एका कीस्लॉटचा (व्हॉल्यूम कीची कुलूपबंद प्रत ठेवणारी जागा) पासफ्रेज असतो. त्यातून व्हॉल्यूम की, म्हणजे डेटा प्रत्यक्ष एन्क्रिप्ट करणारी चावी मिळते आणि मग डिस्क वाचता येते. यातली प्रत्येक पायरी वेगळ्या तऱ्हेनं बिघडते, म्हणून चाचणीत ‘उघडलं’ आणि ‘नाही उघडलं’ एवढे दोनच निकाल ठेवू नका. कुठल्या पायरीवर थांबलं हेही नोंदवा.

पहिला थर: फर्मवेअरशिवाय

ग्रब-इम्यू हा ग्रब साध्या लिनक्स प्रोग्रॅमसारखा चालतो आणि त्याला टीपीएमचं डिव्हाइस देता येतं. त्याच्या जोडीला एसडब्ल्यूटीपीएम हा सॉफ्टवेअर टीपीएम, आणि कर्नलचं व्हीटीपीएम-प्रॉक्सी मॉड्यूल. हे मॉड्यूल सॉफ्टवेअर टीपीएमला खऱ्या डिव्हाइससारखं समोर आणतं. ग्रबच्या स्वतःच्या चाचण्याही याच मांडणीवर चालतात. रूट अधिकार लागतात. एक सावधगिरी: तुमच्या लॅपटॉपला खरा टीपीएम असेल तर शून्य क्रमांक त्याच्याकडे असतो आणि प्रॉक्सीला पुढचा मिळतो. स्क्रिप्टमध्ये क्रमांक हातानं लिहू नका. एसडब्ल्यूटीपीएम सुरू होताना जे नाव छापतो तेच उचला. नाहीतर ‘टीपीएम साफ करा’ ही चाचणी तुमच्याच मशीनवर चालायची. एसडब्ल्यूटीपीएमला स्टार्टअप-क्लिअर हा फ्लॅग द्या. हेक्स १०० हा कोड दिसला तर त्याचा अर्थ असा: टीपीएम अजून सुरूच झालेला नाही.

डिस्कसाठी ३२ एमबीची फाइल पुरते. त्याहून फार लहान करू नका, लक्स-२ चं हेडरच डीफॉल्टनं १६ एमबी घेतं. चावी ३२ किंवा ६४ यादृच्छिक बाइटची घ्या. टीपीएममध्ये सील होणाऱ्या डेटाची मर्यादा १२८ बाइट आहे, म्हणून १२८ आणि १२९ बाइटच्या दोन चाचण्या ठेवा: पहिली चालली पाहिजे, दुसरी सील करतानाच स्पष्ट चुकीनं थांबली पाहिजे. इथला नेहमीचा घोळ म्हणजे चावीच्या फाइलच्या शेवटी आलेली नवी ओळ. क्रिप्टसेटअपला (लक्स हाताळणारी कमांड) की-फाइल दिली तर तो शेवटचा बाइटही चावीचा भाग मानतो, कीबोर्डवरून टाइप केलं तर मानत नाही. एकीकडे फाइल आणि दुसरीकडे टाइप केलेला मजकूर वापरला, तर अनसील यशस्वी होतं आणि कीस्लॉट मात्र उघडत नाही. मग माणूस दिवसभर टीपीएमला दोष देत बसतो.

या कीस्लॉटला पीबीकेडीएफ-२ (पासफ्रेजमधून चावी काढण्याची पद्धत) आणि १००० आवर्तनं (क्रिप्टसेटअप यापेक्षा कमी घेत नाही) पुरेशी आहेत. आवर्तनं वाढवण्याचा उपयोग माणसानं निवडलेल्या कमकुवत पासफ्रेजसाठी असतो. ३२ यादृच्छिक बाइटचा अंदाज तसाही कुणाला बांधता येत नाही.

आता सगळ्यात जास्त दुर्लक्षित गोष्ट. नुकत्याच सुरू झालेल्या सॉफ्टवेअर टीपीएमचे पीसीआर शून्य ते पंधरा सगळे शून्यच असतात. त्यांवर सील केलं तर पीसीआर ४ आणि ७ ची अदलाबदल झाली, यादी अर्धवट वाचली गेली, चुकीचा पीसीआर निवडला गेला, तरी हॅश शून्यांचाच निघतो आणि चूक लपून राहू शकते. म्हणून सील करण्याआधी वापरायच्या प्रत्येक पीसीआरमध्ये वेगळी किंमत एक्स्टेंड करा, म्हणजे आधीच्या किमतीत हॅश करून मिसळा. टीपीएम-टू-टूल्समधली पीसीआर-एक्स्टेंड कमांड त्यासाठीच आहे. शाबितीसाठी उघडलेल्या व्हॉल्यूमच्या पहिल्याच सेक्टरवर एक मजकूर लिहून ठेवा आणि ग्रबकडून तो छापून घ्या. तो मजकूर दर वेळी नवा, यादृच्छिक असू द्या. ठरावीक मजकूर असेल तर मागच्या खेपेचा लॉग आजची चाचणी पास करून जातो.

सरळ वाटेच्या, म्हणजे यशस्वी अनलॉकच्या चाचण्या इतक्या: एसआरके ईसीसी पी-२५६ आणि आरएसए २०४८ या चावीच्या दोन्ही प्रकारांत, तो जागेवर तयार केलेला आणि ८१००००१ सारख्या कायमच्या हँडलवर ठेवलेला, सीलबंद चावी फाइलमध्ये आणि एनव्ही इंडेक्समध्ये (टीपीएमच्या कायमच्या मेमरीतली जागा). या सगळ्या जोड्या स्क्रिप्टनं फिरवा, हातानं करण्यात अर्थ नाही.

मग एकच अनलॉक त्याच सत्रात लागोपाठ चार-पाच वेळा करा. कारण असं: लिनक्समध्ये टीपीएमच्या जागा सांभाळायला रिसोर्स मॅनेजर असतो, बूटलोडरपाशी तो नसतो. एसडब्ल्यूटीपीएमच्या मुळाशी असलेल्या लिबटीपीएमएसमध्ये तात्पुरत्या ऑब्जेक्टसाठी तीनच जागा आहेत, लोड केलेल्या सेशनसाठीही तीनच. एखाद्या चुकीच्या वाटेवर फ्लश राहून गेलं तर पहिला अनलॉक निर्धोक होतो, आणि पुढच्या एखाद्या वेळी ९०२ (ऑब्जेक्टला जागा नाही) किंवा ९०३ (सेशनला जागा नाही) येतं. नकाराच्या चाचण्याही अशाच लागोपाठ चालवा, कारण फ्लश बहुधा अपयशाच्याच वाटेवर विसरलं जातं. मशीनला एन्क्रिप्टेड डिस्क दोन-तीन असतील तर ही चूक तिथे नक्की बाहेर येते.

नकार कशामुळे आला?

नकाराच्या चाचणीतला सर्वांत मोठा धोका हा, की ती भलत्याच कारणानं पास होते. पीसीआर बदलला, डिस्क उघडली नाही, हिरवी खूण. प्रत्यक्षात सीलबंद फाइलचा मार्ग चुकलेला होता आणि टीपीएमपर्यंत काही पोचलंच नव्हतं. म्हणून अपेक्षित कोडही तपासा. शिवाय प्रत्येक नकाराआधी त्याच मांडणीत एक यशस्वी अनलॉक झालेलाच हवा.

पीसीआर एक पाऊल पुढे नेला की अनसीलला ९९डी यायला हवं: पहिल्या सेशनची पॉलिसी जुळली नाही. हा तुमचा खरा नकार. टीपीएम क्लिअर केला की १डीएफ: ऑब्जेक्ट लोडच होत नाही, कारण मूळ बीजच बदललं आणि त्यासोबत एसआरकेही. ईसीसीखाली सील करून आरएसए एसआरकेखाली उघडायला गेलात तरी हेच १डीएफ, म्हणून हा कोड दिसला की टीपीएम साफ झाला असं धरून चालू नका, आधी एसआरकेचा प्रकार पाहा. सीलबंद खासगी भागातला एक बाइट उलटवला तरी १डीएफ येतो. फाइल अर्धी कापली तर मात्र टीपीएमला काही जाण्याआधी ग्रबच्याच पार्सरनं तक्रार करायला हवी. ती केली नाही आणि ग्रब कोसळला, तर तो सुरक्षेचा दोष समजा. ईएफआय विभाग एन्क्रिप्ट केलेला नसतो, ती फाइल कुणीही बदलू शकतो. शून्य लांबीची फाइल, भलतीच मोठी फाइल, लांबीचे खोटे आकडे घातलेली फाइल, सगळं द्या.

बँकेचा (एकाच हॅश पद्धतीच्या पीसीआरचा संच) मुद्दा वेगळा सांगतो. काही फर्मवेअर एसएचए-२५६ बँकेत मोजमाप लिहीतच नाहीत. तिथले पीसीआर शून्यावर पडून राहतात आणि त्यांवर सील केलेली चावी कोणत्याही बूटलोडरला मिळते. रोजच्या वापरात हे कधी लक्षात येत नाही, सगळं मजेत चाललेलं असतं. म्हणून सील करणाऱ्या स्क्रिप्टमध्येच तपासणी घाला: निवडलेला पीसीआर पूर्ण शून्य किंवा पूर्ण एफएफ असेल तर सील करायला नकार द्या. एसडब्ल्यूटीपीएमच्या सेटअपमध्ये हवी ती बँक बंद ठेवता येते, त्यामुळे बंद बँक मागितल्यावर काय होतं तेही पाहून घ्या. स्पष्ट चूक आली पाहिजे, मुकाट यश नको.

नकारानंतर

टीपीएमनं नकार दिल्यावर ग्रबनं पासफ्रेज विचारला पाहिजे आणि बरोबर पासफ्रेजनं डिस्क उघडली पाहिजे. इतकं साधं, पण ग्रबच्या विकासातच इथे एक छान चूक सापडली होती. टीपीएमची वाट फसली की ग्रबचा अंतर्गत चूक-दर्शक तसाच लागलेला राही. पुढे लक्सचा कोड तो पाहून समजे की आपलंच काहीतरी बिघडलं, आणि बरोबर पासफ्रेजही नाकारला जाई. नंतर ती दुरुस्त झाली. पासफ्रेजचा प्रश्न पडद्यावर आला की चाचणी पास, असं धरणाऱ्याला ही चूक कधीच दिसली नसती. प्रश्न, त्याला उत्तर, आणि व्हॉल्यूममधला मजकूर असे तिन्ही टप्पे तपासा.

पर्यायी पासफ्रेजचा कीस्लॉट स्वतंत्रपणे पाहा. क्रिप्टसेटअप लक्स-२ साठी डीफॉल्टनं आर्गॉन-२आयडी ही चावी काढण्याची पद्धत वापरतो आणि त्याला १ जीबीपर्यंत मेमरी लागू शकते. २.१४ च्या आधीच्या मूळ ग्रबला आर्गॉन-२ येतच नव्हतं. २.१४ ला येतं, पण मेमरी फर्मवेअरच्या काळात मिळाली पाहिजे. व्हर्च्युअल मशीनला ५१२ एमबी दिली असेल तर १ जीबीचा स्लॉट उघडणं शक्यच नाही. परिणाम विचित्र दिसतो: टीपीएमचा स्लॉट पीबीकेडीएफ-२ चा असल्यानं रोज सुरळीत चालतो, आणि ज्या दिवशी टीपीएम रुसतो त्याच दिवशी कळतं की पासफ्रेजही चालत नाही.

आणखी एक बारकावा. ग्रब कीस्लॉट क्रमानं चाळतो. पासफ्रेज शून्याव्या स्लॉटमध्ये आणि टीपीएमची चावी १ क्रमांकाच्या स्लॉटमध्ये असेल (इन्स्टॉलर बहुधा असंच ठेवतात), तर टीपीएमची चावी आधी शून्याव्या स्लॉटवर लावून पाहिली जाते. त्याचं जड गणित पूर्ण होतं, ते जुळत नाही, मगच पुढचा स्लॉट. लिनक्समध्ये दोन सेकंदांत होणारं हे काम ग्रबमध्ये त्याहून बरंच जास्त वेळ घेतं. ‘टीपीएम अनलॉक फार हळू आहे’ ही तक्रार पुष्कळदा इतकीच असते. टीपीएमची चावी शून्याव्या स्लॉटमध्ये ठेवा, पासफ्रेज पुढे. आणि ग्रबचा कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, हे पासफ्रेजमध्ये चिन्हं घालण्याआधी लक्षात असू द्या.

दुसरा थर: क्यूईएमयू आणि ओव्हीएमएफ

ग्रब-इम्यूमध्ये यूईएफआय (आजच्या मशीनचं फर्मवेअर) नाही. टीपीएमला आज्ञा पोचवणारा फर्मवेअरचा प्रोटोकॉल नाही, सिक्युअर बूट (सही असलेलाच बूटलोडर चालू देणारी सोय) नाही, खरी मोजमापं नाहीत. ते सगळं इथे येतं. एसडब्ल्यूटीपीएम सॉकेटवर चालवा, क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला तो इम्युलेटर प्रकारचा टीपीएम म्हणून द्या, एक्स-८६ वर टीआयएस किंवा सीआरबी इंटरफेस निवडा (दोन्ही तपासा), आणि ओव्हीएमएफ या व्हर्च्युअल मशीनसाठीच्या यूईएफआय फर्मवेअरची टीपीएम-२ सुरू ठेवून बांधलेली प्रत घ्या. ग्रबचा सगळा मजकूर सीरियल पोर्टवरून फाइलमध्ये वळवा, स्क्रिप्टला तेवढंच वाचता येतं.

या मांडणीचा मोठा फायदा म्हणजे मशीनची अख्खी अवस्था तीन फाइलींत मावते: डिस्कची प्रतिमा, ओव्हीएमएफचे व्हेरिएबल्स आणि एसडब्ल्यूटीपीएमच्या फोल्डरमधली कायमस्वरूपी अवस्थेची फाइल. सील करून झालं की मशीन बंद करा आणि तिन्हींची एकत्र प्रत काढा. प्रत्येक चाचणी त्या प्रतीपासून सुरू करा. दोनच परत आणल्या आणि टीपीएम मागे राहिला, तर आलेल्या निकालाला अर्थ नाही.

इथे जवळपास प्रत्येक जण एका खड्ड्यात पडतो. लिनक्स सुरू झाल्यावर पीसीआर वाचले, त्यांवर सील केलं, रीबूट केलं, ९९डी. कारण अनसीलच्या क्षणी असलेली पीसीआरची किंमत आणि लिनक्समध्ये दिसणारी किंमत एक नसते. ग्रबचं टीपीएम मॉड्यूल प्रत्येक कमांड पीसीआर ८ मध्ये आणि वाचलेल्या फाइली ९ मध्ये मोजतं, आणि डिस्क उघडल्यानंतरही मेन्यू, कर्नल, इनिटआरडी असं मोजत राहतं. फर्मवेअरमार्फत कर्नल लोड झाला की ४ मध्ये भर पडते. फर्मवेअर निरोप घेताना ५ मध्ये नोंद करतं. पीसीआर ७ स्थिर समजला जातो, पण कर्नल ज्या प्रमाणपत्रानं साइन केला आहे ते ग्रबच्या प्रमाणपत्राहून वेगळं असेल तर त्याची नोंदही अनलॉकनंतरच पडते. ग्रबच्या कमांड लाइनवर पीसीआर डंप करायची कमांड आहे. डिस्क उघडणाऱ्या क्रिप्टोमाउंट कमांडच्या लगेच आधी ती चालवा आणि तुमच्या अंदाजाशी ताडून पाहा. पीसीआर ८ वर सील केलं असेल तर ही डंप कमांड स्वतःही मोजली जाते, हे विसरू नका! कायमच्या वापरासाठी इव्हेंट लॉग (मोजमापांची नोंदवही) पुन्हा चालवून नेमक्या घटनेपाशी थांबणारं साधन हवं. ओपनसूजेचं पीसीआर-ओरॅकल तेच करतं.

पीसीआर बदलायला इथे हातानं एक्स्टेंड करण्याची गरज नाही, खरी कारणं घडवता येतात. ग्रब पुन्हा बांधा: ४ बदलतो. सिक्युअर बूट बंद करा किंवा डीबीएक्समध्ये (सिक्युअर बूटची नाकारलेल्यांची यादी) एक नोंद घाला: ७. ऑप्शन रॉम (कार्डाचं स्वतःचं फर्मवेअर) असलेलं नेटवर्क कार्ड जोडा: २. ओव्हीएमएफची दुसरी आवृत्ती लावा: ०. बूट क्रम बदला: १. ईएफआय विभागातल्या ग्रबच्या कॉन्फिगमध्ये एक ओळ वाढवा: ८ आणि ९. प्रत्येक बदलापुढे ‘उघडायला हवं’ की ‘नाकारायला हवं’ हे चाचणी चालवण्याआधी लिहून ठेवा. हा तक्ता भरताना पीसीआरची निवड बरोबर आहे का हेही आपोआप तपासलं जातं.

माझं मत विचाराल तर तुम्ही पीसीआर निवडून दिला नाही तर ग्रब डीफॉल्टनं वापरतो तो एकटा ७ पुरेसा नाही. सिक्युअर बूटच्या त्याच साखळीनं साइन केलेलं कुठलंही इन्स्टॉलेशन माध्यम ७ ची तीच किंमत देऊ शकतं. चाचणी सोपी आहे: त्याच वितरणाची साइन केलेली लाइव्ह प्रतिमा व्हर्च्युअल मशीनमध्ये लावा, तिथून ईएफआय विभागातली सीलबंद फाइल उचला आणि टीपीएम-टू-टूल्सनं अनसील करून पाहा. चावी मिळाली तर डिस्क एन्क्रिप्ट केल्याचं समाधान तेवढं शिल्लक. किमान ४, ७ आणि ९ एकत्र बांधा. त्यासोबत प्रत्येक ग्रब अपडेटनंतर नवा अंदाज बांधून पुन्हा सील करण्याचं काम पत्करावं लागतं. ते टाळायचं असेल तर साइन केलेल्या पॉलिसीची वाट आहे: टीपीएम-२ की-फाइलच्या स्वरूपात ती ग्रबला समजते, आणि बदलती पॉलिसी तुमच्या सहीनं मान्य होते.

उघडल्यानंतर कुणाच्या हाती?

२०२५ मध्ये जाहीर झालेला सीव्हीई-२०२५-४३८२ हा दोष नमुना म्हणून घ्या. ग्रब टीपीएमनं डिस्क उघडतो. हल्लेखोरानं डिस्कवरच्या फाइल सिस्टिमचा सुपरब्लॉक (तिची ओळख पटवणारी मूळ नोंद) आधीच बिघडवून ठेवलेला असतो. ग्रबला फाइल सिस्टिम सापडत नाही आणि तो रेस्क्यू मोडमध्ये उतरतो. पण डिस्क तोवर उघडलेली आणि चावी मेमरीत. पीसीआर सगळे बरोबर, कारण बदललेली गोष्ट मोजमापाच्या टप्प्यानंतरची आहे. दुरुस्तीत ग्रबनं टीपीएमनं अनलॉक झाल्यावर कमांड लाइनपुढे प्रमाणीकरण घातलं, गुपितं पुसायची सोय केली, आणि कमांड लाइन पूर्ण बंद करण्याचा पर्यायही दिला.

चाचणी अशी: क्रिप्टसेटअपच्या लक्स-डंप कमांडमधून डेटा कुठून सुरू होतो ते वाचा (बहुधा १६ एमबीवर). एक्स्ट-४ चा सुपरब्लॉक त्यापुढे १०२४ बाइटवर असतो, तेव्हा डेटाच्या सुरुवातीचे ४ केबी कचऱ्यानं भरा. यासाठी चावी लागत नाही. एन्क्रिप्टेड बाइट बिघडवले की उलगडल्यावर तिथे कचराच निघतो, हल्लेखोरही हेच करील. मग बूट करा. ग्रबचा उघडा प्रॉम्प्ट मिळाला तर चाचणी नापास. याच जातीच्या आणखी वाटा: कॉन्फिग फाइल गायब, नॉर्मल मॉड्यूल गायब, मेन्यूत सी किंवा ई दाबणं, लोड होत असताना एस्केप दाबत राहणं. प्रत्येक वाट अनलॉकच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा.

दुसरा डाव बनावट व्हॉल्यूमचा. खरी डिस्क बाजूला ठेवून त्याच यूयूआयडीची (ओळख क्रमांकाची), आपल्याला माहीत असलेल्या पासफ्रेजची लक्स डिस्क लावा. टीपीएमची चावी तिला लागत नाही, ग्रब पासफ्रेज विचारतो, तो दिला की तुमची स्वतःची सिस्टिम त्याच पीसीआर किमतींखाली चालू होते. आता तिथून मूळ सीलबंद फाइल अनसील होते का ते पाहा. पीसीआर ४ आणि ७ इथपर्यंत तसेच असू शकतात. ८-९ पुढे सरकलेले असतील तरच नकार येईल. ९ बांधा म्हणतो त्याचं हे मुख्य कारण.

चावी कुठे सांडते का, हेही याच मांडणीत बघता येतं. चाचणीसाठी सहज शोधता येईल असा ३२ बाइटचा नमुना चावी म्हणून वापरा. एसडब्ल्यूटीपीएमचा लॉग स्तर २० वर ठेवला की जाणारा-येणारा प्रत्येक बाइट हेक्समध्ये उतरतो. त्यात तो नमुना उघडा दिसला, तर वेगळी टीपीएम चिप असलेल्या मशीनवर तारांना प्रोब लावणाऱ्यालाही तो दिसेल. २०२४ मध्ये बिटलॉकर या विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची चावी अशीच, स्वस्तातल्या रास्पबेरी पाय पिकोनं लॅपटॉपच्या मदरबोर्डवरून ४३ सेकंदांत वाचून दाखवली गेली होती. दुसरी तपासणी मेमरीची: कर्नलला ताबा मिळताच क्यूईएमयूच्या मॉनिटरमधून पूर्ण मेमरी फाइलमध्ये उतरवा आणि तोच नमुना शोधा. ग्रबनं कीस्लॉटची चावी पुसली असेल तर तो सापडू नये. व्हॉल्यूम की ही वेगळी गोष्ट आहे. डिस्क वाचायची तर ती ग्रबपाशी असावीच लागते, तिला या शोधात ओढू नका.

खरी मशीन

वरचं सगळं हिरवं झाल्यावरच खऱ्या मशीनकडे या, आणि प्रत्येक मॉडेलचं एक तरी घ्या. इथे तर्क तपासायचा नसतो, फर्मवेअरचे स्वभाव तपासायचे असतात. पूर्ण बंद करून सुरू करणं आणि नुसतं रीबूट, दोन्हींत पीसीआर तेच येतात का? डॉक किंवा पेनड्राइव्ह लावून बूट केलं तर? वेगळ्या टीपीएम चिपवर आरएसए एसआरके जागेवर तयार करायला कित्येक सेकंद लागू शकतात आणि तो वेळ दर खेपेला बदलतो. ईसीसी घ्या, किंवा एसआरके कायमच्या हँडलवर ठेवा. प्रोसेसरमधल्या फर्मवेअर टीपीएमवर बायोस अपडेट करून पाहाच. काही मशीनवर त्यात टीपीएमच साफ होतो, आणि तेव्हा १डीएफ, पासफ्रेज, पुन्हा सील ही वाट कागदावर नाही तर हातानं चालून झालेली असावी.

पुन्हा सील करण्याची वाट चालताना शेवटी लक्स-डंपमध्ये कीस्लॉट मोजा. बऱ्याच स्क्रिप्ट नवी चावी बनवतात, नवा स्लॉट भरतात, ईएफआय विभागातली जुनी सीलबंद फाइल पुसतात आणि जुना स्लॉट तसाच सोडतात. त्या फाइलची प्रत कुणी आधीच घेतली असेल, तर जुना, दोष असलेला ग्रब परत लावून जुने पीसीआर उभे करता येतात आणि टीपीएम मुकाट्यानं जुनी चावी देतो. ती फाइल टीपीएमच्या बाहेर असल्यानं टीपीएमला ती रद्द झाल्याचं कळायला काही मार्ग नाही. जुनी चावी निकामी होते ती फक्त तिचा कीस्लॉट काढल्यावर. म्हणून शेवटची चाचणी ही ठेवा: पुन्हा सील केल्यावर तीन फाइलींच्या जुन्या प्रतीतला ग्रब आणि सीलबंद फाइल तेवढी परत आणा, डिस्क नवीच ठेवा, आणि बूट करा. अनसील यशस्वी व्हायला हवं आणि कीस्लॉट उघडायला नको.